मोठ्या मुलीला लघवीचा रिफ्लक्स (लघवी उलट मूत्रपिंडाकडे चढणं) आहे, मला सातवा महिना चालू आहे. बाळालाही होईल का?

ताई, होईलच असं नाही, पण होऊ शकतो. म्हणून बाळाची तपासणी आत्ताच डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आम्ही सोलापूरचे. थोरली आठ महिन्यांची असताना ऐन एप्रिलात तिला ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही. सासूबाई म्हणाल्या, उन्हाळी लागली असेल. बाहेर ४२ अंश, मलाही तेच पटलं. चमच्यानं धने-जिऱ्याचं पाणी पाजलं. ताप उतरला, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला लघवी कल्चरला गेली तेव्हा जंतुसंसर्ग कळला. मग एमसीयू झाली. त्यात मूत्राशयात बारीक नळीनं औषध भरतात आणि बाळ लघवी करताना एक्स-रे काढतात. लघवी खाली यायची ती उलट मूत्रपिंडाकडे चढताना मी पडद्यावर पाहिली. मूत्रपिंडावरचे व्रण दाखवणाऱ्या डीएमएसए स्कॅनमध्ये डाव्या मूत्रपिंडावर व्रण निघाला. तो आता जाणार नाही, म्हणून तुम्हाला एवढं कळकळीनं लिहितेय.

रिफ्लक्स असलेल्या मुलांची १०० भावंडं तपासली, तर साधारण २५ ते ३० जणांत तो सापडतो. बऱ्याच जणांचा सौम्य असतो, वाढत्या वयात आपोआप जातो. माझ्या धाकट्याला काही निघालं नाही. त्याच्यासोबत आम्हा दोघांचीही सोनोग्राफी केली, तर ह्यांना जन्मापासून उजवं मूत्रपिंडच नाही! चौतिसाव्या वर्षी कळलं. एकाच घरात मूत्रपिंड-मूत्रमार्गाचा जन्मजात दोष असा वेगवेगळ्या रूपांत येऊ शकतो. त्यांना त्रास काही नाही, पण दर वर्षी बीपी आणि लघवीतली प्रथिनं तपासतो. तोवर दोन वर्षं मी 'हे तुझ्या माहेरचं' असं ऐकत होते. तुम्हाला कुणी तसं म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. हा दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो, कधी दोघांतही नसतो.

बाळाची सोनोग्राफी शक्यतो जन्मानंतर ४८ तास उलटल्यावर करा. पहिले दोन दिवस लघवी कमी तयार होते, मूत्रपिंडाची सूज असली तरी दिसेलच असं नाही. आणि रिपोर्ट नॉर्मल आला तरी सौम्य रिफ्लक्स नजरेतून सुटू शकतो. सर्दी-खोकल्याशिवाय ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठा, मोठ्या मुलीचं सांगा आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधी लघवीचा नमुना घ्यायला लावा.