तुरुंगाच्या पत्त्यावर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या लेखात आमच्या पत्रगटाबद्दल लिहिलं होतं. महिन्यातून एका रविवारी आम्ही सात-आठ जण ठाण्यात एकाच्या घरी जमतो. जगात कुठेही मत मांडल्याबद्दल डांबलेल्या, छळ सोसणाऱ्या किंवा फाशीच्या छायेत असलेल्या माणसांसाठी तिथल्या सरकारला पत्रं लिहितो. लेखानंतर बरेच प्रश्न आले. त्यातल्या काहींची ही उत्तरं.

आपल्यासारख्या सामान्य माणसाचं पत्र तिकडचा राष्ट्राध्यक्ष वाचणार आहे का? की नुसतं मनाचं समाधान?
– निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

ताई, राष्ट्राध्यक्ष बहुधा वाचत नाही. पण पत्र आलं की ते कुणाला तरी फोडावं लागतं आणि वरच्या साहेबांच्या कानावर घालावं लागतं. दुसऱ्या दिवशी आणखी चाळीस येतात, आठवड्यात हजार होतात, आणि सगळ्यांत एकाच कैद्याचं नाव असतं. छळ करणाऱ्याला अंधार हवा असतो. आत कोण आहे हे बाहेर कुणाला ठाऊक नाही, याच भरवशावर त्याचा हात चालतो. तो भरवसा पत्रांनी मोडतो.

१९७३ साली ब्राझीलमध्ये लष्करी राजवट असताना लुइस बासिलियो रॉसी या प्राध्यापकांना पकडून नेलं. त्यांच्यासाठी अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने पहिल्यांदा ‘तातडीची हाक’ दिली आणि देशोदेशींच्या लोकांनी पत्रं लिहिली. रॉसी सुटले. आपलं नाव बाहेर पोहोचलंय हे कळलं तेव्हाच, आता हे आपल्याला मारू शकणार नाहीत अशी खात्री पटली, असं त्यांनी पुढे सांगितलं. नायजेरियातला मोझेस अकातुग्बा सोळा वर्षांचा असताना, २००५ मध्ये, मोबाइल चोरल्याच्या आरोपावरून पकडला गेला. छळ करून कबुलीजबाब घेतल्याचं तो सांगत राहिला, तरी २०१३ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. आठ लाखांहून जास्त पत्रं आणि संदेश गेले. २८ मे २०१५ रोजी तिथल्या डेल्टा राज्याच्या गव्हर्नरने त्याला माफी दिली.

दुसरी बाजूही सांगते. नायजेरियातलेच लेखक केन सारो-विवा यांच्यासाठी जगभरातून विनवण्या झाल्या, तरी १० नोव्हेंबर १९९५ रोजी त्यांना फासावर चढवलं. म्हणून पत्र गेलं की माणूस सुटतोच, असं मी कुणाला सांगत नाही. पण नुसतं मनाचं समाधान हवं असतं तर इतकी वर्षं मी लिहीत राहिले नसते.

पत्र नेमकं कसं लिहायचं? मी आणि मैत्रिणींनी प्रयत्न केला, पण ते मोर्चातल्या घोषणांसारखं झालं.
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोपरखैरणे

घोषणा मोर्चात शोभतात. पत्र एका माणसाने दुसऱ्याला लिहायचं असतं, आणि वाचणारा खुर्चीवर बसलेला आहे. तो आपल्याला कितीही नावडता असो, त्याच्या हातात त्या कैद्याचा जीव आहे. त्याला चिडवलंत तर त्याची किंमत कैदी मोजेल. आपली आजी-आजोबांच्या काळातली ‘सा. न. वि. वि.’ची रीत इथे उपयोगी पडते. आधी मान द्यायचा, मग ‘विनंती विशेष’, म्हणजे मुद्द्याचं काम, आणि शेवटी नम्र निरोप.

आधी स्वतःची ओळख एका ओळीत द्या: विद्यार्थिनी आहे, नवी मुंबईत राहते. नावापुढे पदव्या नकोत. मग कैद्याचं पूर्ण नाव, अटकेची तारीख, तुरुंग आणि माहीत असेल तर खटल्याचा क्रमांक. ज्या संस्थेच्या आवाहनावरून लिहिताय तिथून हे तपशील जसेच्या तसे उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेल्या मजकुरावर एकही पत्र लिहू नका. एक चुकीची तारीख सापडली की त्या अधिकाऱ्याला सगळं पत्र खोटं म्हणायला निमित्त मिळतं.

मागणी एकच ठेवा. सुटका मागायची की वकिलाची भेट, उपचार की फाशी रद्द करणं, हे आवाहनात दिलेलं असतं. त्या देशाच्या राजकारणावर भाषण नको. एवढं पुरतं:

‘आदरणीय महोदय, मी भारतातली एक विद्यार्थिनी आहे. आपल्या देशात अमुक तारखेपासून अटकेत असलेले श्री. अमुक यांना अजून वकिलाला भेटू दिलेलं नाही, असं कळल्याने हे पत्र लिहीत आहे. त्यांना ताबडतोब वकील आणि डॉक्टर मिळावेत आणि त्यांना मारहाण होणार नाही याची आपण हमी द्यावी, अशी नम्र विनंती आहे. आपण काय पावलं उचललीत हे कळवल्यास आभारी राहीन.’

साध्या इंग्रजीत लिहिलंत तरी चालतं, पण वाक्यं तुमची हवीत. एकाच साच्याचे शंभर कागद बाजूला सारणं सोपं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या एखाद्या कलमाचा आधार द्या: छळाविरुद्ध कलम ५, मनमानी अटकेविरुद्ध ९, मत मांडण्यासाठी १९. हा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ चा. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ या अर्थाच्या शब्दांऐवजी ‘सर्व माणसं’ हे शब्द आले, ते भारताच्या प्रतिनिधी असलेल्या आपल्या हंसा मेहतांच्या आग्रहामुळे. मैत्रिणींना हे जरूर सांगा.

तुम्ही परदेशातल्यांसाठी लिहिता. माझा भाचा इथे ठाणे जेलमध्ये कच्चा कैदी आहे, म्हणजे खटल्याचा निकाल अजून लागायचाय. पोलीस कोठडीत बेदम मारल्याचं त्याने जेलमधल्या भेटीत, म्हणजे मुलाखतीत, सांगितलं. आम्ही कुणाला लिहायचं?
– एक मामा, कळवा

मामा, तुमचा प्रश्न वाचून बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

आधी मॅजिस्ट्रेट. पुढच्या तारखेला भाच्याने स्वतः कोर्टासमोर तोंडी सांगायला हवं की मारहाण झाली, आणि ते नोंदवून घ्यायला लावायचं. अटकेनंतर झालेल्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मागा, तो त्याचा हक्क आहे. वकील परवडत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

मग पत्र. राज्य मानवी हक्क आयोग किंवा दिल्लीचा राष्ट्रीय आयोग, दोन्हींपैकी एकाकडेच पाठवा, कारण राज्य आयोगाने प्रकरण हाती घेतलं असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात पडत नाही. तक्रारीला फी नाही आणि ती मराठीत चालते. मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत जायला हवी. निनावी तक्रार नको. कोणत्या पोलीस ठाण्यात, कोणत्या तारखेला, साधारण किती वाजता, कशाने मारलं, अंगावर कुठे खुणा आहेत, कुणी पाहिलं, एवढंच लिहा. भाचा निर्दोष आहे की नाही हा वाद त्यात आणू नका. तो खटल्याचा विषय आहे, आणि कोर्टात चालू असलेल्या विषयात आयोग सहसा जात नाही. गुन्हा केलेल्यालाही मारायचा अधिकार कुणाला नाही.

पत्राने काय होणार, असं घरचे म्हणतील. त्यांना आपल्याच मुंबईची ही हकिकत सांगा. १९८२ साली शीला बारसे या पत्रकार महिलेने मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा बायकांच्या मुलाखती घेतल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं. चौकशीसाठी निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवलं. फेब्रुवारी १९८३ च्या निकालात आदेश आले: बायकांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे महिला पोलिसांचाच पहारा, अटकेची खबर नातेवाइकांना, आणि मारहाणीची तक्रार आहे का हे मॅजिस्ट्रेटने आरोपीला विचारायचं. मी वर सांगितलेली पहिली पायरी त्या पत्राने पक्की केली. पुढे अटकेचे जे अकरा नियम न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिले, तेही पश्चिम बंगालहून आलेल्या एका पत्रावरूनच.

प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा, पोच जपा. आणि मुलाखतीला जाणं थांबवू नका.

मी सरकारी नोकरीत आहे. अशी पत्रं लिहिली तर अडचण येईल का?
– लिपिक, ऐरोली

सरकारी नोकरांना वर्तणुकीचे नियम असतात. सरकारवर जाहीर टीका करण्यावर आणि परराष्ट्र संबंध अडचणीत येतील असं बोलण्यावर त्यांत बंधनं आहेत. म्हणून तुम्ही परदेशी सरकारला लिहिण्याआधी नियम पाहा किंवा माहीतगाराला विचारा, आणि कार्यालयाचा कागद, शिक्का, ईमेल यांना हात लावू नका. इतर नागरिकांना विनंतीपत्र लिहायला मनाई नाही. तरी तुमची भीती मी अनाठायी म्हणणार नाही. बँक खाती गोठवली गेल्यावर सप्टेंबर २०२० मध्ये अ‍ॅम्नेस्टीने भारतातलं काम थांबवलं. सरकार परकीय निधीच्या नियमभंगाकडे बोट दाखवत होतं, संस्था याला सूड म्हणत होती. तुम्हाला धोका वाटत असेल तर आमच्याकडे या आणि पाकिटांवर पत्ते घाला. तेही काम लागतंच.

पोस्टानेच का? ईमेल का नको?
– सानपाडा

ईमेलही करा. फाशीची तारीख जवळ असेल तर तोच करा. एरवी कागद, कारण तो एका क्लिकने पुसता येत नाही. देशातल्या तक्रारी स्पीड पोस्टाने पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं आहे.

तुरुंगातल्या माणसालाच पत्र लिहिलं तर? माझ्या आठ वर्षांच्या मुलीला चित्र पाठवायचंय.
– एक आई, खारघर

जरूर पाठवा. सरकारला लिहिलेल्या पत्राइतकंच मला हे मोलाचं वाटतं. फक्त कैद्याची किंवा कुटुंबाची त्याला संमती आहे, असं आवाहनात लिहिलेलं असेल तरच पाठवा.

तुरुंगात पत्र आधी अधिकारी वाचतात, म्हणून खटल्याचा, सरकारचा, संस्थेचा उल्लेख नको. ‘लवकरच सुटाल’ हेही लिहू नका. ते आपल्या हातात नाही. आपल्या इथलं काहीतरी सांगा: पांडवकडा धबधब्याला पाणी आलं, खाडीवर फ्लेमिंगो उतरले, आज घरी काय शिजलं. चार भिंतींत दिवस काढणाऱ्याला बाहेरची हवा लागू द्या.

मुलीला फ्लेमिंगोच काढू दे. रंग खडूचे चालतील. चमकी, स्टिकर आणि स्टेपलची पिन आम्ही टाळतो, कारण त्यावरून पाकीट अडवलं जाऊ शकतं. चित्रावर मुलीचं पहिलं नाव आणि ‘भारत’ एवढंच लिहा, घरचा पत्ता नको.