माळाला माळ राहू दे

सोलापूर

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. आपली चाळीस उंबऱ्यांची वाडी लोकांना ठाऊक आहे ती माळामुळे. तरीही रविवारी शहरातून येणारी माणसे मावळतीचे फोटो काढून ‘इथे पाहण्यासारखे आहे तरी काय?’ असे विचारून परततात, म्हणून तिथे झाडे लावून बाग करावी की काय, या पेचात तू पडला आहेस. माळाला माळ राहू दे. माझे उत्तर एवढेच आहे. उरलेले पत्र ते तुझ्या गळी उतरवण्यासाठी लिहितो आहे.

शेजारच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले, ते अशाच उघड्या गवताळ जमिनीसाठी. माळढोकाची मादी घरटे बांधत नाही, मोकळ्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, आणि चहूकडे लांबवर नजर पोहोचेल अशीच जागा तिला लागते. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, असे लिहिले म्हणून जमीन खराब ठरत नाही, हे तुला मी वेगळे सांगायला हवे का?

मला मात्र ते उशिरा कळले. शाळेतल्या मुलांना रांगेत उभे करून पूर्वेच्या उतारावर गिरिपुष्पाची रोपे मीच लावून घेतली. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला हिरवे म्हणजे झाड, एवढेच सुचत असे. त्यामुळे माझे सर्वस्वी चुकले असे अजूनही म्हणवत नाही. पण पुढे त्या सावलीत पवना गवत विरळ झाले, कुसळी गवत हटले, आणि पायांपुढून तुरुतुरु पळणारा धाविक पक्षी त्या भागात पुन्हा मला दिसला नाही.

पाहुण्यांना काय दाखवायचे, हा प्रश्न फार मोठा नाही. दिवाळीनंतर पहाटे चौघांनाच घेऊन एखाद्या मेंढपाळामागे चालव. धोतर असो की जीन्स, कुसळे सारखीच टोचतात, आणि ती वेचायला खाली बसल्यावरच माणसाला चंडोल ऐकू येतो. पुढे शाळू भरला की हुरडा आहेच. पावसाळ्यात मात्र माळावर एकही गाडी चढू देऊ नकोस. आणि तो सेल्फी पॉइंट कृपा करून विसर. माळाला माळ राहू दे.

सोमवारच्या ग्रामसभेत भाषण करू नकोस, तुला ते जमत नाही. सदस्यांना त्या गिरिपुष्पाच्या रांगेपाशी ने आणि झाडांखाली वाकून गवत शोधायला सांग. रोपे कोणी लावली असे विचारले, तर माझे नाव खुशाल सांग.

तुझा,
मास्तर