मुलांसोबतचं स्वयंसेवेचं वर्ष संपतंय. जाणार आहे हे शेवटच्या दिवशी सांगितलं तर चालेल का?

नाही चालणार. आज सांगता आलं तर आज सांगा, नाहीतर याच आठवड्यात.

तुम्ही लिहिलंय की चौदा ते सोळा वयाच्या मुलांच्या गटासोबतचं तुमचं वर्ष संपायला पाच आठवडे उरलेत आणि त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही. शेवटच्या दिवशी एकदम सांगून टाकलं तर रडारड, रुसवेफुगवे सगळं एका संध्याकाळीच उरकेल, असं तुम्हाला वाटतंय. शिवाय आपण यांना वाऱ्यावर सोडून जातोय ही बोचही आहे. मी जवळजवळ हेच करून बसले होते, म्हणून जरा लांबण लावते.

मी जिथे वर्षभर होते ते केंद्र म्हणजे शाळा सुटल्यावर मुलांनी येऊन बसायची जागा. तेरा ते सतरा वयाची एकोणीस मुलं-मुली. कागदावर माझं काम अभ्यास घेण्याचं होतं. खरं काम होतं ते रोज ठरलेल्या वेळी तिथे असणं. हे मला कळायला चार महिने लागले. तोवर मी गणित शिकवायला आलेय अशाच समजुतीत होते.

शनिवार माझा शेवटचा दिवस होता आणि मी गुरुवारी सांगितलं. परीक्षा जवळ आलीय, उगाच मुलांचं लक्ष उडायला नको, असं कारण मी स्वतःला दिलं होतं. खरं कारण एवढंच की मला त्यांचे चेहरे बघायचे नव्हते. दोनतीन मुली रडल्या, त्यांची समजूत काढता आली. एक पंधरा वर्षांचा मुलगा मात्र नुसतं ‘बरं’ म्हणाला. हातातलं उदाहरण त्याने पूर्ण केलं, उत्तराखाली रेघ मारली, वही दप्तरात टाकली आणि गेला. शनिवारी आला नाही. पुढचा दीड महिनाही आला नाही. परत आला तेव्हा माझ्या जागी आलेल्या ताईला त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुम्ही कधी जाणार ते आधी सांगा.’ हे तिने मला फोनवर हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

या वयाच्या बऱ्याच मुलांच्या आयुष्यातून मोठी माणसं न सांगता गेलेली असतात. कुणाचे वडील, कुणाचे आवडते शिक्षक, कुणाचा भाऊ. कारण कुणी सांगितलं नाही की मुलं ते स्वतः तयार करतात, आणि त्यात बहुतेक वेळा दोष स्वतःकडे घेतात. आपण त्रास दिला म्हणून गेली, आपण नापास झालो म्हणून कंटाळली. तुमचं जाणं वर्षापूर्वी ठरलेलं होतं, त्यात त्यांचा काही संबंध नाही, हे तुमच्या तोंडून ऐकायला मिळणं आणि पुन्हा पुन्हा ऐकायला मिळणं हा त्यांचा हक्क आहे असं मी म्हणेन. एकदा सांगून भागत नाही. त्या दिवशी कुणीतरी गैरहजर असतं, कुणीतरी ऐकून न ऐकल्यासारखं करतं. म्हणून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि दर आठवड्याला एकदा सहज उल्लेख करा.

आधी तुमच्या समन्वयकांशी बोलून घ्या. मुलांचा दुसरा प्रश्न ‘मग आता कोण येणार?’ हा असतो आणि त्याला ‘बघू’ हे उत्तर फार वाईट. अजून कुणी ठरलं नसेल तर तसंच सांगा, पण केंद्र चालू राहणार आहे, अमुक ताई आणि तमुक दादा इथेच आहेत, हेही त्याच दमात सांगा.

शब्द साधे ठेवा. मला आज सांगायचं झालं तर मी म्हणेन, ‘मी इथे एका वर्षासाठी आले होते. ते वर्ष अमुक तारखेला संपतंय. तोवर मी रोज आहे. मी जातेय ती तुमच्यापैकी कुणामुळे नाही. मला वाईट वाटतंय, तुम्हालाही वाटलं किंवा राग आला तर चालेल.’ एवढं पुरे. ‘मला जावं लागतंय’ असली मोघम वाक्यं टाळा. लागतंय म्हटलं की मुलं उपाय शोधू लागतात. माझ्या ओळखीतल्या एका स्वयंसेवकाला मुलांनी सह्यांचा अर्ज करून दिला होता, दादांना राहू द्या म्हणून. राहायचं की नाही हे त्या दादाचं त्याने कधीच ठरवून टाकलं होतं, आणि सांगायचा धीर झाला नाही म्हणून मुलांना दोन दिवस सह्या गोळा करत फिरावं लागलं.

सांगितल्यावर काय होईल याचीही तयारी ठेवा, कारण ते गोड नसतं. जी मुलगी सगळ्यात जवळची ती उलट बोलायला लागेल. वर्षभर शांत असलेला मुलगा भांडण उकरून काढेल. कुणी यायचंच बंद करेल. ‘जा की, आम्हाला काय फरक पडतो’ हे वाक्य तर येणारच. मला हे आता असं दिसतं की कुणी आपल्याला सोडून जाण्याआधी आपणच सोडून मोकळं व्हावं, असा तो हिशेब असतो. अशा वेळी दुखावून तोंड पाडू नका आणि दुसऱ्या टोकाला जाऊन नियमही सैल सोडू नका. शेवटचे दिवस आहेत म्हणून सगळं चालवून घेतलं की मुलांना वाटतं, हिचं लक्ष आधीच उडालंय. यायचं बंद केलेल्याला मात्र निरोप पाठवाच. ‘तुझ्यावर रागावलेली नाही, शनिवारपर्यंत मी इथे आहे’ एवढाच. मी त्या मुलाला तो पाठवला नाही. येईल आपोआप, असं म्हणत बसले.

आता बोच. ‘वाऱ्यावर सोडणं’ हा शब्द तुम्ही वापरलाय, तो मला मान्य नाही. एक वर्ष हे माप मुळात मुलांच्या सोयीचं नाही हे खरं. जर्मनीत स्वयंसेवी सामाजिक वर्षाचा पहिला कायदा १९६४ साली झाला, बॉस्टनमध्ये १९८८ साली सुरू झालेल्या ‘सिटी इयर’ या स्वयंसेवी उपक्रमाच्या तर नावातच वर्ष आहे, फ्रान्सची २०१० पासूनची तरुणांसाठीची स्वयंसेवी ‘नागरी सेवा’ सहा ते बारा महिन्यांची. हे सगळे कालावधी स्वयंसेवकाच्या आयुष्यात, शाळा आणि कॉलेजच्या किंवा कॉलेज आणि नोकरीच्या मधल्या फटीत बसतील असे आहेत. पण म्हणून ते मुलांना निरुपयोगी ठरत नाहीत. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या संशोधकांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या संस्थेच्या उपक्रमातल्या १,१३८ मुलांची माहिती तपासून निष्कर्ष मांडले होते. तिथे एकेका मुलाला एकेक मोठा माणूस जोडून देतात. ज्या जोड्या वर्षभर किंवा जास्त टिकल्या त्यांतल्या मुलांमध्ये सर्वांत जास्त सुधारणा दिसल्या. जोडी जितकी लवकर तुटली तितका फायदा कमी. आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतली मुलं काही बाबतींत आधीपेक्षाही खाली गेलेली दिसली. आपलं काम गटासोबतचं, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. तरी मला त्यातून एवढं कळलं की कबूल केलेलं वर्ष पूर्ण करणारा माणूस आणि मधेच गायब होणारा माणूस या दोघांना एकाच पारड्यात टाकू नये. तुम्ही पहिल्या प्रकारचे आहात. उरलेल्या पाच आठवड्यांत दुसऱ्यासारखं वागू नका म्हणजे झालं.

वचनांबद्दल मी जरा कडक आहे. मी त्या शनिवारी दरवाजात उभी राहून ‘दर रविवारी फोन करेन’ असं म्हणाले होते. चार रविवार केला. पाचव्याला प्रवासात होते, सहाव्याला विसरले, सातव्याला आता काय तोंडाने करायचा म्हणून केला नाही. हा सगळा प्रकार मला उशिरा सांगण्यापेक्षाही लाजिरवाणा वाटतो, कारण त्या मुलींनी सहाव्या रविवारीही वाट बघितली असणार. जे नक्की जमेल तेवढंच कबूल करा, मग ते वर्षातून एक पत्र का असेना. मुलं अल्पवयीन आहेत, तेव्हा आधी संस्थेचा नियम विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवकाने मुलांशी खाजगी नंबरवरून संपर्क ठेवायला मनाई असते आणि ती रास्त आहे. नियम नसेल तरी संपर्क केंद्रामार्फत ठेवा. तुमचं वर्ष संपल्यावर रात्री अकराला ‘ताई, घरी खूप भांडण चाललंय’ असा मेसेज आला तर तुम्ही दुसऱ्या गावात बसून काय करणार? तो मेसेज वाचणारं माणूस जवळपासचं हवं.

त्यालाच जोडून एक गंभीर गोष्ट. वर्षभरात एखाद्या मुलाने मारहाण, छळ किंवा जीव द्यावासा वाटतो असं काही तुम्हाला सांगितलेलं असेल आणि ते तुमच्यापाशीच राहिलं असेल, तर ते जाण्याआधी समन्वयकांकडे नावानिशी पोचलंच पाहिजे. ‘कुणाला सांगू नका’ असं ते मूल म्हणालं असलं तरी. मात्र त्याच्या पाठीमागे नको. आधी त्याला सांगा, मी हे अमुक ताईंना सांगणार आहे, कारण मी गेल्यावर तुझ्या बाजूने कुणीतरी असायला हवं. बाकीची गुपितं, कोण कुणाला आवडतं वगैरे, ती तुमच्याबरोबर गेली तरी जगाचं काही अडत नाही.

नव्या माणसासाठी एक वही करा. मार्क आणि हजेरी कार्यालयात असतातच, ते पुन्हा लिहू नका. वाचायला सांगितलं की कोण बाथरूमला जायला उठतं, कुणाला सगळ्यांसमोर शाबासकी दिलेली आवडत नाही, कुणाची चेष्टा कुठल्या नावावरून होते, असं लिहा. मी तीन पानं लिहिली होती आणि माझ्यानंतर आलेल्या ताईच्या म्हणण्याप्रमाणे त्यातलं सगळ्यात उपयोगी वाक्य होतं, ‘खिडकीजवळची जागा ही जागा नसून पदवी आहे, त्यात पडू नका.’

शेवटच्या दिवसाचा सत्कार समारंभ होऊ देऊ नका. भाषणं झाली की मुलं प्रेक्षक होतात. रोज जे करता तेच करा, शेवटचा अर्धा तास मोकळा ठेवा आणि तो कसा घालवायचा ते मुलांना ठरवू द्या. आमच्याकडे त्यांनी मला आंधळी कोशिंबीर खेळायला लावली. सतरा वर्षांची पोरं! भेटवस्तू आणू नका. सगळ्यांना सारख्या आणता येत नाहीत आणि पुढच्या माणसावर उगाच ओझं. प्रत्येकाला दोन ओळी लिहून द्या, पण त्या त्याच मुलाच्या असू द्या. ‘तू हुशार आहेस, खूप मोठा हो’ हे कुणालाही लिहिता येतं. ‘सामना हरल्यावरसुद्धा तू थांबून दोन्ही संघांचं सामान आवरलंस, ते मी पाहिलं होतं’ हे एकालाच. एकोणीस चिठ्ठ्या लिहायला मला दोन रात्री लागल्या, आणि चार मुलांबद्दल काही नेमकं आठवेना तेव्हा वर्षभर मी कुणाकडे बघत होते आणि कुणाकडे नाही, तेही समजलं. तुमच्याकडे पाच आठवडे आहेत. ज्यांच्याबद्दल लिहायला सुचत नाही त्यांच्या शेजारी उद्यापासून बसा.

तुमचं स्वतःचं काय, असंही विचारलंय. पहिले काही आठवडे केंद्राची वेळ झाली की हातपाय आपोआप तयारीला लागतात आणि मग आठवतं. ते ओसरतं. या रिकामपणात, अपराधीपणापोटी, लगेच दुसऱ्या वर्षाचा फॉर्म मात्र भरू नका. थोडे महिने जाऊ द्या आणि तरीही भरावासा वाटला तर भरा.

राहिली कागदपत्रं. प्रमाणपत्र, तासांच्या नोंदीवर सही, शिफारसपत्र, जे हवं ते जाण्याआधी हातात घ्या. अमेरिकेतल्या ‘अमेरिकॉर्प्स’ या सरकारी स्वयंसेवा कार्यक्रमासारख्या ठिकाणी पूर्णवेळ वर्षाचे १,७०० तास मोजले जातात, आपल्या एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, दोन वर्षांचे २४०. कुठेही असलात तरी नोंद राहिली तर तुमचंच नुकसान. मी आळस केला आणि तीन महिन्यांनी एका सहीसाठी केंद्रावर गेले. मुलं यायच्या आधी काम उरकून निघायचा बेत होता, पण साहेब यायला उशीर झाला. तो मुलगा आत बसला होता, एका लहान मुलाला अपूर्णांक समजावत. मला बघून उठला नाही. माझ्या हातातल्या कागदाकडे त्याची नजर गेली आणि म्हणाला, ‘फॉर्म राहिला होता का, ताई?’