लाकूड न वापरता गवतापासून कागदाचा लगदा बनवता येतो का? घरी जमेल का, आणि त्याने खरंच झाडं वाचतात का?

होतो, आणि घरीही जमतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबडं आहे, ते शेवटी देतो. पण आधीच सांगून ठेवतो, गवताचा लगदा करणं यात अवघड असं काही नाही. अवघड आहे ते गवत शिजवून झाल्यावर पातेल्यात उरतं ते काळं पाणी. यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ बरोबर तिथेच कट मारतात, लगदा बाहेर काढला की पुढचा सीन डायरेक्ट सुंदर वाळलेला कागद.

माझं कराडला स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, पिशव्या असली कामं. चार-पाच वर्षांपूर्वी एक ऊस बागायतदार आले आणि म्हणाले की मुलीच्या लग्नाची पत्रिका आपल्याच उसाच्या चिपाडाच्या कागदावर पाहिजे, कुठूनतरी त्यांनी ऐकलं होतं की असा कागद होतो. मी हो म्हणून बसलो. हो म्हणायची सवय वाईट. त्यानंतरचे तीन महिने मी दुकान कमी आणि मागच्या अंगणातली चूल जास्त सांभाळली.

आता गवत म्हणजे काय ते आधी बघा. गवत म्हटलं की शेताच्या बांधावरचं गवत डोळ्यासमोर येतं, पण ऊस, बांबू, भात, गहू, मका, गवती चहा हे सगळं गवतच आहे, एकाच कुळातलं. आणि कागदाच्या बाबतीत या कुळाचा एक मोठा फायदा आहे. झाडाच्या लाकडात तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य असतं, पाइनसारख्या लाकडात ते २५ ते ३० टक्के, आणि काड-पेंढ्यात साधारण १५ ते २०. शिवाय गवताची रचनाच सैल, त्यामुळे शिजवताना घातलेला सोडा आतपर्यंत पटकन जातो. म्हणून लाकूड शिजवायला कारखान्यात बंद डायजेस्टरमध्ये प्रेशरखाली दीडशे-पावणेदोनशे डिग्री लागतात आणि गवत मात्र उघड्या पातेल्यात चुलीवर दोन-तीन तासांत मऊ पडतं. घरी जमतं ते यामुळेच. लाकडाचा लगदा घरी करायच्या भानगडीत पडूच नका.

आणखी एक, लाकडापासून कागद ही काही फार जुनी गोष्ट नाही. १८४० च्या दशकात जर्मनीत लाकूड दगडावर घासून लगदा करायची युक्ती निघाली, त्याआधी बहुतेक कागद चिंध्या, ताग, झाडांच्या साली यांचाच. आपल्याकडे जुन्नरचा कागद पेशवाईत नावाजलेला होता, दौलताबादजवळचं कागजीपुरा तर गावच कागदावरून ओळखलं जातं, आणि तिथे कोणी जंगल तोडत नव्हतं. गवताचं म्हणाल तर १८०० सालीच लंडनमध्ये मॅथियास कूप्स नावाच्या माणसाने गव्हाच्या वगैरे काडाच्या कागदावर अख्खं पुस्तक छापून दाखवलं होतं. कारखाना मात्र त्याचा बुडाला. का बुडाला ते मला आता जरा जास्तच समजतं.

तर माझा प्रयोग. मामांच्या ओळखीने एका गुऱ्हाळावर गेलो चिपाड मागायला. मला वाटत होतं की चिपाड म्हणजे कचरा, पोत्याने देतील. तो गुळव्या माझ्याकडे असा बघायला लागला जसं काय मी त्याची काहीलच मागतोय. कारण चुलवाणात तेच जळण असतं, चिपाड गेलं तर रस कशावर आटवायचा? शेवटी दोन पोती दिली पण तोंड वाकडं करून. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

पहिल्याच दिवशी घोळ. चिपाडाचे बोटभर तुकडे केले, घरातलं जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं आणि कॉस्टिक सोडा टाकला. पाचच मिनिटांत पातेलं फसफसायला लागलं, फेस वर आला, आणि थोड्या वेळाने बघतो तर आतून सगळं काळं पडून खड्डे पडलेले. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं हो, आणि खाताना हायड्रोजन वायू सोडतं, आणि खाली चूल पेटलेली! नशीब मोकळ्या अंगणात होतो. त्यामुळे स्टीलचंच पातेलं घ्या, आणि ते परत कधीच स्वयंपाकाला वापरू नका. रबरी हातमोजे आणि चष्मा पाहिजेच. कॉस्टिक नेहमी गार पाण्यात थोडं थोडं सोडायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, अंगावर उडतं. घरात लहान पोरं असतील तर कॉस्टिक आणूच नका, धुण्याचा सोडा घ्या, वेळ जास्त लागेल पण काम होतं.

माझं जमलेलं माप असं, १ किलो वाळलेलं गवत, १० लिटर पाणी, आणि कॉस्टिक असेल तर १०० ते १२० ग्रॅम, धुण्याचा सोडा असेल तर २०० ग्रॅमपर्यंत. गवत आदल्या रात्री साध्या पाण्यात भिजत घालायचं. मंद उकळी दोन ते तीन तास. वास येतो तो गोठ्यात मक्याचा चारा उकडल्यासारखा, वाईट नाही पण कपड्यांना राहतो. झालं की नाही ते बघायला एक तुकडा बाहेर काढून धुवायचा आणि चिमटीत धरून ओढायचा, दोऱ्यासारखे तंतू सुटे झाले तर झालं, कटकन तुटला तर अजून अर्धा तास.

मग धुणं, आणि हे धुणं संपता संपत नाही. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायचं, पिळायचं, परत पाणी. सोडा गेला की नाही हे कळायला लोक पीएच पट्ट्या विकत घेतात, काही गरज नाही. पिळलेल्या पाण्याच्या दोन थेंबांत चिमूटभर हळद टाका. लाल झाली तर अजून सोडा आहे, पिवळीच राहिली तर धुणं संपलं. कुंकू जसं हळदीला चुना लावून लाल व्हायचं ना, तेच. माझ्या आईने हे सांगितलं, मी पट्ट्या ऑनलाइन मागवून बसलो होतो.

कुटायला सगळे मिक्सर सांगतात. चालतो, मूठभर लगदा आणि भांडंभर पाणी, दोन-तीन झटके बस. पण मिक्सर तंतू कापतो, कुटत नाही, आणि कागदाची ताकद तंतू चेचला जाऊन त्याला बारीक लव सुटण्यात असते, ती लव एकमेकांत गुंतते तेव्हा कागद धरतो. मी शेवटी आजीचं उखळ आणि मुसळ काढलं, अर्धा तास कांडलं, आणि तो कागद मिक्सरच्या कागदाहून सरळ सरळ मजबूत निघाला. दंड दोन दिवस दुखत होते ते वेगळं.

चिपाडाची एक खास कटकट म्हणजे आतला भुसभुशीत गाभा. उसाच्या सालीकडचा भाग तंतूचा आणि आतला स्पंजसारखा, त्याचा कागद होत नाही, नुसता सोडा आणि पाणी पितो. कारखान्यात हा गाभा मशिनने वेगळा काढतात, बगॅसचा (कारखान्यात चिपाडाला बगॅस म्हणतात) जवळपास तिसरा हिस्सा तोच असतो. मी पहिल्या खेपेला काढला नाही तर कागदावर पांढरे ठिपके ठिपके, आणि वाळल्यावर ते टचटच उडायचे. नंतर चिपाड वाळवून, काठीने बडवून, चाळून घेतलं तेव्हा जमलं.

भाताचा पेंढाही करून बघितला. शिजला सगळ्यात लवकर, पण साच्यावर घेतला की पाणी गळतच नाही. दोन फोटोफ्रेम आणि मच्छरदाणीची जाळी असा माझा साचा, चिपाडाचं पाणी त्यातून मोजून दहा-पंधरा सेकंदांत जायचं, पेंढ्याचं मिनिट झालं तरी थबथबलेलं. पाइनचा तंतू साधारण ३ मिलिमीटर लांब असतो, बांबूचा दोनच्या पुढे, चिपाडाचा दीडच्या आतबाहेर आणि भाताचा एक किंवा त्याहूनही कमी, वर त्यात बारीक चुरा भरपूर. तो चुरा जाळी बुजवतो. म्हणून गवताच्या लगद्यात पाव भाग तरी सुती कपड्याच्या चिंध्यांचा लगदा मिसळा. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे ना, तिथे मुख्य कच्चा माल होजिअरीची सुती कात्रणंच. आणि वर भाताची पातळ खळ लावा, नाहीतर शाई फुटते. मला घरगुती कागदाला सगळ्यात आवडलं ते मक्याच्या कणसावरचं सोप आणि गवती चहाची जुनी पाती. फिकट हिरवट-पिवळा रंग येतो, छान येतो.

१ किलो चिपाडातून हिशोबाने ४०० ग्रॅमच्या आसपास लगदा मिळायला हवा, म्हणजे जाडसर ए-फोर साइजचे चाळीसेक कागद. मला मिळाले बावीस. बाकीचा धुण्यात वाहून गेला.

आणि आता ते काळं पाणी. गवतातला निम्म्याहून जास्त माल, सगळं लिग्निन, साखर, आणि वर टाकलेला सोडा असं सगळं त्यात असतं, दिसायला कोऱ्या चहासारखं आणि हाताला बुळबुळीत. मी पहिल्यांदा ते मागे नेऊन ओतलं, तिथे आईचं अळू होतं. दोन दिवसांत पानं कडेने करपली, आठवड्यात वाफा साफ. माती वर पांढरट कडक झाली. आई काही बोलली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

माझं पातेलं दहा लिटरचं, त्यात एक वाफा गेला. कारखान्याचा हिशोब तुम्हीच करा. १८५०-६० मध्ये इंग्लंडात चिंध्या पुरेनात तेव्हा थॉमस राउटलेज या माणसाने स्पेन-अल्जेरियाकडच्या एस्पार्टो गवताचा कागद धंद्यात उतरवला, कागद इतका छान की छपाईवाले खूश, आणि स्कॉटलंडपर्यंत गिरण्या त्या गवतावर चालल्या. आणि तिथेच एडिनबराजवळच्या नॉर्थ एस्क नदीची कागद गिरण्यांनी अशी अवस्था केली की काठचे जमीनदार कोर्टात गेले आणि १८६६ मध्ये जिंकले.

लाकडाच्या कारखान्यात हे काळं पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात, वाफ मिळते आणि सोडा परत मिळतो. गवताला तिथेच अडचण येते ती सिलिकाची, म्हणजे वाळूचीच बहीण. ऊसतोडीला पातीने हात कापतात, ती धार त्या सिलिकाची. भाताच्या पेंढ्यात वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, लाकडात एक टक्कासुद्धा नाही. ती सोड्यात विरघळते आणि पाणी आटवताना नळ्यांच्या आत काचेसारखा थर धरते. त्यामुळे काड-पेंढ्यावरच्या छोट्या गिरण्यांना सोडा परत काढणं परवडायचं नाही, पाणी जायचं नदीत, आणि आपल्या उत्तर भारतात अशा कितीतरी गिरण्यांवर बंद पडायची वेळ आली.

चिपाडात सिलिका बरीच कमी, म्हणून त्यावर मोठे कारखाने चालतात. तमिळनाडूत करूरजवळ राज्य सरकारने काढलेली कंपनी आहे, १९७९ ची, बगॅसवर कागद करणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कारखान्यांपैकी. पण गुळव्याने मला जे तोंड केलं तोच प्रश्न त्यांनाही होता, साखर कारखाने बगॅस जाळून वाफ करतात, ते कागदाला कसं देणार? तर त्यांनी साखर कारखान्यांना बदल्यात कोळसा आणि वाफ द्यायची सोय केली. म्हणजे झाड वाचलं पण कोळसा जळला.

तेव्हा झाडं वाचतात का, तर तुम्हाला वाटतं तशी नाही. आपल्या देशातला बहुतेक कागद आज रद्दीपासून होतो, आणि लाकूड वापरतात ते मुख्यतः शेतकऱ्यांनीच लावलेलं निलगिरी, सुबाभूळ, सुरू. जंगलाचा प्रश्न खरा होता तो बांबूचा, आणि तो तर गवतच! १९२७ च्या वन कायद्यात बांबूला झाड धरलं होतं, त्यामुळे गावाला तोडता यायचा नाही आणि गिरणीला मात्र कंत्राटाने मिळायचा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतूक पासाचा हक्क मिळवला, आणि २०१७ मध्ये कायद्यातून बांबू "झाड" राहिला नाही. हा विषय मोठा आहे, वेगळा विचारा.

धंद्याचं म्हणाल तर पत्रिका, डायरी, फोल्डर अशा महाग विकता येणाऱ्या वस्तूंपुरतंच करा, झेरॉक्सच्या कागदाशी स्पर्धा विसरा. आणि कॉस्टिकऐवजी चुलीतल्या राखेचं गाळलेलं पाणी वापरून बघा, पाच-सहा तास उकळावं लागतं, लगदा थोडा भरड राहतो, पण त्यात सोडियम फारसं नसतं, मुख्यतः पोटॅश असतं, उरलेलं पाणी भरपूर साधं पाणी घालून आठ-दहा दिवसांच्या अंतराने शेणखताच्या ढिगावर टाकलं तर चालतं. मी आता तेवढंच करतो. पत्रिका झाल्या एकदाच्या, तीनशे, लोकांना आवडल्या, नवरदेवाच्या एका काकांनी मात्र विचारलं की कागद भिजला होता का.

वाफ्यात मी दोन वर्षं शेणखत आणि नुसतं पाणी घातलं, यंदा अळू परत फुटलंय, पानं मोठी आहेत. आई त्याच्या वड्या अजून करत नाही.