शेजारघरचे प्रश्न: कुरडईची वाटणी, सोऱ्याच्या चकत्या आणि पोळ्यांच्या मावशी

उन्हाळा आला की वाळवणाची पत्रं येतात. यंदाच्या बहुतेक पत्रांत रेसिपीपेक्षा वाटणीचीच काळजी जास्त दिसली. काम मिळून निघालं, पण नंतर मनं आंबली, असं अनेकींनी लिहिलंय. कोणाला काय करायचंय, किती आणायचंय आणि परत काय मिळणार आहे हे आधी उघड बोललं, तर अशी बहुतेक भांडणं उभीच राहत नाहीत. संकोचामुळे नेमकं तेच बोलायचं राहून जातं.

प्रश्न: आमच्या मजल्यावरची पाच घरं मिळून गव्हाच्या कुरडया करतो. गेल्या वर्षी कोणी तीन किलो गहू दिला, कोणी एकच किलो, एका घरातून तर मदतीलाही कोणी आलं नाही. वाटे मात्र सारखे झाले. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण कुरबुर राहिली. शिवाय निम्म्या कुरडया तळल्यावर लालसर झाल्या. यंदा काय करावं? (चिंचवड)

उत्तर: वाटे घरावर नाही, गव्हाच्या किलोवर पाडा. समजा पाच घरांचा मिळून 10 किलो गहू जमला आणि वाळलेल्या कुरडया 4 किलो भरल्या, तर एका किलोमागे 400 ग्रॅम आल्या. ज्यांनी तीन किलो गहू दिला त्यांना 1200 ग्रॅम, एक किलोवाल्यांना 400. हिंग, मीठ, गॅस, प्लॅस्टिकचा कागद, सगळा खर्चही याच हिशेबाने. वजन मात्र कुरडई पूर्ण वाळल्यावरच करायचं. दुसऱ्या दिवशी कुरडई वरून कडक लागते, पण आत ओल असते. तेव्हाच वाटली तर एखाद्या घरात डब्यात बुरशी येते आणि पुन्हा बोलणी सुरू होतात. गव्हाच्या वजनाच्या निम्म्याहून कमीच कुरडई हाती येते, हेही नव्या शेजारणीला आधीच सांगून ठेवा. नाहीतर ‘आमचा दोन किलो गहू गेला कुठे’ हा प्रश्न येतोच.

ज्या घरातून पहाटे कोणी येऊ शकत नाही, त्यांच्याकडे दुसरं काम द्या. सगळ्यांचा चहा-नाश्ता, आदल्या दिवशी गाळायच्या पंचांची धुणावळ, किंवा दुपारी बारा ते चारची राखण. राखण हलकं काम समजू नका. कबुतरं, कावळे आणि दुपारनंतर भरून येणारं आभाळ यांच्यावर नजर ठेवणारं माणूस नसेल तर पहाटेपासूनची मेहनत तासाभरात वाया जाते.

आता लाल रंगाचं. रविवारी पहाटे कुरडया घालायच्या असतील तर बुधवारी सकाळी गहू भिजत घाला. नेहमीचा लोकवन चालतो. गहू बुडून वर चार बोटं पाणी राहू द्या आणि ते रोज सकाळ-संध्याकाळ बदला. शनिवारी सकाळी दाणा बोटात दाबून बघा. टरफल बाजूला होऊन पांढरा चीक बाहेर आला की गहू तयार. मिक्सरचं भांडं निम्मंच भरायचं, भरपूर पाणी घालायचं आणि थांबत थांबत फिरवायचं. एकदम बारीक वाटलं की कोंडाही बारीक होतो, गाळताना चिकात उतरतो आणि कुरडई काळपट होते. वाटलेलं पातळ पंचातून पिळून घ्या. चोथ्यात पुन्हा पाणी घालून आणखी एकदा पिळा, दुसऱ्या पिळण्यातही बराच चीक निघतो.

हे सगळं मोठ्या पातेल्यात झाकून रात्रभर न हलवता ठेवायचं. पहाटे तळाशी घट्ट पांढरा चीक बसलेला असतो आणि वर पिवळसर पाणी तरंगत असतं. हे पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढायला हवं. गव्हातली विरघळलेली साखर आणि प्रथिनं त्यात उतरलेली असतात आणि गरम तेलात तीच लाल होतात. तुमच्या निम्म्याच कुरडया लाल झाल्या, म्हणजे बहुधा एका पातेल्यातलं पाणी घाईत ओतलं गेलं, किंवा एका घरी गव्हाचं पाणी बदलायचं राहिलं. म्हणून यंदा गहू पाच घरी वेगवेगळा भिजवू नका. सगळा एकाच घरी भिजवा आणि पाणी बदलायच्या वेळा कागदावर लिहून त्यांच्या ओट्यापाशी लावा.

शिजवताना घट्ट चिकाच्या मापाएवढंच पाणी घ्या. चार वाट्या चिकाला चार वाट्या पाणी, चहाचे दोन सपाट चमचे मीठ, पाव चमचा हिंग, चमचाभर तेल. मीठ चाखायला कमीच लागलं पाहिजे, वाळल्यावर ते वाढतं. पाण्याला खळखळून उकळी आली की एकीने चिकाची बारीक धार सोडायची आणि दुसरीने लाटण्याच्या टोकाने न थांबता घाटायचं. या कामाला दोन माणसं हवीतच. एकटीने ओतत घाटलं तर गुठळ्या होतात आणि गुठळी सोऱ्यात अडकते. सगळा चीक एकाच पातेल्यात शिजवायचा मोहही टाळा. दहा वाट्यांच्या वर चीक झाला की हात फिरत नाही आणि तळ करपतो. घाटून झालं की झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं वाफ काढा. चीक काचेसारखा चमकायला लागला आणि ओलं बोट लावल्यावर चिकटला नाही, की शिजला. कच्च्या चिकाची कुरडई वाळताना तुटते आणि नुसता चुरा हाती येतो.

सोऱ्यात चीक गरम असतानाच भरा, गार झाला की दट्टा हलत नाही. पातेलं जाड टॉवेलमध्ये गुंडाळून गच्चीवर न्या. सकाळी आठच्या आत शेवटची कुरडई पडली तर पहिल्याच दिवशी पूर्ण ऊन मिळतं. दुपारी सुटायला लागल्या की उलटा. कडक उन्हाचे दोन-तीन दिवस पुरतात. एक तळून बघा. सगळी फुलली आणि मधे टणक ठिपका राहिला नाही, तर त्याच दिवशी वाटे करा.

अवकाळी पाऊस आलाच तर अर्धवट वाळलेल्या कुरडया एकावर एक रचू नका. कागदासकट घरात आणून पंख्याखाली पसरा. शिजवायच्या आधीच आभाळ आलं तर चीक फ्रीजमध्ये एक दिवस थांबतो, फक्त वरचं पाणी काढून ताजं गार पाणी घालून ठेवा.

गच्ची सोसायटीची सामाईक जागा असते. तारीख आणि वेळ लिहून सचिवांना आधी चिठ्ठी द्या आणि काम संपल्यावर चिकट डाग धुऊन खाली या. पुढच्या वर्षीची परवानगी त्या धुण्यावरच मिळते.

प्रश्न: चौघी शेजारणी मिळून उडदाचे पापड करून विकावेत असं मनात आहे. चाचणीला केले ते वाळताना कडेला चिरले. चौघींना रोज एकत्र बसायलाही जमत नाही. (सोलापूर)

उत्तर: एकत्र बसायची गरजच नाही. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात शेजारणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचीच पुढे लिज्जत झाली. तिथली पद्धत तुम्हाला जशीच्या तशी उचलता येईल. पीठ एका जागी तयार होतं, बायका ते वजनावर घरी नेतात, सवडीने लाटतात आणि वाळलेले पापड परत आणून देतात. ते तपासून, वजन करून घेतले जातात. पीठ एकाच हातचं असल्यामुळे चव बदलत नाही आणि मोबदला लाटण्यावर ठरतो.

एक किलो उडदाच्या पिठाला मीठ 50 ग्रॅम, पापडखार 40, भरड मिरी 25, हिंग 10. मीठ आणि पापडखार पाण्यात उकळून गार करा आणि त्याच पाण्यात पीठ भिजवा. पाणी अर्ध्या लिटरपेक्षा कमीच लागतं, गोळा दगडासारखा घट्ट हवा. तासभर झाकून ठेवा आणि तेलाचा हात लावून बत्त्याने कुटा. गोळ्याचा रंग उजळला आणि ओढल्यावर तो न तुटता लांबला की कुटणं पुरे झालं. कडा चिरायचं एक कारण कमी कुटणं, दुसरं थेट ऊन. पापड सावलीत वाळवून शेवटी थोडाच वेळ उन्हात घालायचे. दहा-बारा ग्रॅमची लाटी धरली तर किलोमागे सव्वाशेच्या आसपास पापड होतात. पापडखाराची ताकद दुकानागणिक बदलते, म्हणून नवं पाकीट आणलं की आधी पाव किलोचे करून भाजून बघा. खार जास्त झाला तर पापड लाल होतो आणि कडवट लागतो. विकायला काढण्याआधी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्या.

प्रश्न: माझा पितळी सोऱ्या दरवर्षी शेजारी जातो. यंदा बारीक शेवेची चकती परत आली नाही आणि सोऱ्या आतून हिरवा पडला होता. मागायलाही लाज वाटते. (सातारा)

उत्तर: मागा, आणि आजच मागा. चकती बहुधा त्यांच्या मोरीच्या जाळीत किंवा वाळवणाच्या कागदाच्या घडीत असेल, महिन्याने ती सापडायची नाही. पुढच्या वेळी देताना त्यांच्यासमोरच मोजा: ‘नळकांडं, दट्टा आणि पाच चकत्या आहेत हं.’ याचं वाईट वाटत नाही, उलट घेणारीला परत करताना मोजायला सोपं जातं. चकत्या एका दोऱ्यात ओवून दिल्या तर आणखी बरं.

मीठ घातलेला चीक पितळेत रात्रभर राहिला की हिरवट थर चढतो. चिंचेच्या कोळाने घासा, धुवा आणि पुसून कोरडा करा. थर पूर्ण निघाल्याशिवाय त्यात खाण्याचं काही भरू नका. भोकांत वाळलेला चीक सुईने टोकरू नका, भोक मोठं होतं. चकती दोन तास गार पाण्यात ठेवा, चीक फुगून आपोआप सुटतो.

आणि शेजारणीने भांडं रिकामं परत दिलं नसेल, त्यात चार कुरडया घालून पाठवल्या असतील, तर तिच्या मनात काही नाही असं समजा. चकती खरंच हरवलीच असेल.

प्रश्न: समोरासमोरच्या तीन घरांत पोळ्यांच्या एकच मावशी आहेत. पहिल्या घरी रोज उशीर होतो आणि आमची मुलं डबा न घेता शाळेत जातात. सुट्ट्यांवरूनही तिन्ही घरांत वाद आहे. (डोंबिवली)

उत्तर: मावशींना दोष देण्याआधी पहिल्या घरच्या पोळ्या मोजा. किलोभर कणकेच्या घडीच्या तीस-पस्तीस पोळ्या होतात. वीस पोळ्यांना मळण्यासकट पाऊण तास धरला, तर पाहुणे आल्यावर तीस पोळ्या करणाऱ्या घरामुळे पुढच्या दोन्ही घरांचं वेळापत्रक कोसळणारच. मावशींचा दर महिन्यावर नाही, तर पोळ्यांच्या संख्येवर ठरवा. जास्तीच्या पोळ्या हव्या असतील तर आदल्या संध्याकाळी तिन्ही घरांना कळवायचं आणि जास्तीचे पैसे त्या घराने द्यायचे. शाळेचा डबा असलेलं घर नेहमी पहिलं. कणीक आधी मळून ठेवली तर प्रत्येक घरी दहा मिनिटं वाचतात. मात्र ती सैल झाली तर पोळी लाटताना फाटते आणि वाचलेला वेळ तिथेच जातो.

सुट्टी तिन्ही घरांची एकाच दिवशी ठेवा. तीन घरांनी तीन वेगळे वार दिले तर मावशींना एकही दिवस सुट्टी मिळत नाही, हे फार घरांच्या लक्षातच येत नाही. एखादं घर गावाला गेलं म्हणून त्यांचा पगार कापू नका, त्या यायला तयार होत्या. दिवाळीला प्रत्येक घराने आपापला पूर्ण महिन्याचा पगार बोनस द्यावा. तिघांनी मिळून एक पगार देणं म्हणजे त्यांचे दोन पगार बुडवणं. उचल दिली तर तारीख आणि रक्कम त्यांच्याच वहीत लिहा, त्यांच्यासमोर.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे. मावशींची नोंदणी झाली नसेल तर कागद जमवायला तिघींपैकी एकीने एक सकाळ काढा आणि त्यांच्यासोबत जा.

प्रश्न: वीस दिवस गावाला जातोय. किल्ली शेजारच्या आजी-आजोबांकडे देतोय. त्यांना काय काय सांगावं? (नाशिक)

उत्तर: त्यांच्यावर कमीत कमी भार पडेल असं घर सोडून जा. गॅसचा रेग्युलेटर बंद, पाण्याचा मुख्य कॉक बंद, फ्रीज रिकामा. कुंड्या उन्हातून काढून त्यांच्या दारापाशी एकत्र ठेवा, म्हणजे जिना चढायला नको, कुलूप काढायला नको. प्लंबरचा आणि तुमचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून द्या. त्याखाली 1906 लिहा. गॅसचा वास आला तर विजेचं बटण दाबायचं नाही, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर येऊन या नंबरवर फोन करायचा.

परत आल्यावर त्यांचीही एक किल्ली मागून घ्या. सकाळी नऊ वाजेपर्यंत त्यांच्या दाराची दुधाची पिशवी उचललेली नसेल तर बेल वाजवा, फोन करा. दोन्हींना उत्तर आलं नाही तर दार उघडा आणि गरज दिसली तर 108 ला फोन करा. हे त्यांच्याशी आधीच बोलून ठरवा, आणि दाराला आतून कडी न लावण्याचंही त्यांच्याकडून कबूल करून घ्या. आतून कडी असली तर तुमच्याकडच्या किल्लीचा काही उपयोग होत नाही.