अमेरिकेत लैंगिक गुन्हेगाराच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर तसा शिक्का असतो का?

काही राज्यांत असतो, सगळीकडे नाही. लायसन्स राज्य सरकार देतं, त्यामुळे नियमही राज्यागणिक वेगळे. लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदणीसाठीच्या २००६ च्या केंद्रीय कायद्यात लायसन्सची प्रत नोंदवहीत ठेवायला सांगितलंय, पण त्यावर शिक्का मारा असं कुठेही म्हटलेलं नाही.

फ्लोरिडात सर्वांत गंभीर श्रेणीतल्यांच्या लायसन्सवर 'सेक्शुअल प्रिडेटर' असं सरळ छापतात. बाकीच्यांच्या कार्डावर फक्त कायद्याचं कलम, ९४३.०४३५. पोलिसाला ते लगेच कळतं, किराणा दुकानदाराला नाही. टेक्सासात अशा लोकांना लायसन्स दरवर्षी नवं करावं लागतं.

खरा वाद झाला तो लुइझियानात. तिथे नारिंगी अक्षरांत 'सेक्स ऑफेंडर' छापायचे. एकाने आपल्या ओळखपत्रावरचे ते शब्द खरवडून काढले, म्हणून त्याच्यावर खटला भरला. २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सक्तीच घटनाबाह्य ठरवली: सरकारचं म्हणणं माणसाला स्वतःच्या कार्डावर मिरवायला लावणं म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला. अलाबामात लाल अक्षरांचा असाच शिक्का २०१९ मध्ये फेडरल न्यायाधीशाने रद्द केला होता. पोलिसांना ओळख पटावी एवढाच हेतू असेल तर एखादं अक्षर किंवा सांकेतिक खूण पुरते, हा तर्क मला तरी पटतो. बँकेत, हॉटेलात, औषधाच्या दुकानातही हेच कार्ड दाखवावं लागतं ना!

आपल्याकडे लायसन्सवर असं काही छापत नाहीत. २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते.