प्रायोगिक डिझेल-इलेक्ट्रिक लोकोमोटिव्ह घडवताना खरी कसोटी कशाची लागते?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: असा नवा नमुना घडवताना मुख्य अडचण शक्तिशाली इंजिन मिळवण्याची असते का, आणि ब्रिटनमधील 'डेल्टिक' या डिझेल-इलेक्ट्रिक लोकोमोटिव्हचे इंजिन एवढे गाजूनही पुढच्या लोकोमोटिव्हमध्ये का वापरले गेले नाही. हा विषय माझ्या विशेष आवडीचा असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. या उत्तरात 'इंजिन' म्हणजे केवळ आतले डिझेल इंजिन आणि 'लोकोमोटिव्ह' म्हणजे संपूर्ण वाहन, असा भेद मी पाळला आहे.

माझ्या मते निव्वळ शक्ती मिळवणे हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. रुळांना पेलवेल एवढ्या वजनात ती शक्ती बसवणे त्याहून अवघड असते आणि रोजच्या सेवेत ती टिकवणे सर्वांत अवघड. डिझेल इंजिन शून्य वेगापासून भार ओढू शकत नाही. म्हणून ते जनित्र फिरवते आणि त्या विजेवर चाकांच्या आसांवरच्या, चाके फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटारी चालतात. म्हणजे इंजिनासोबत जनित्र आणि मोटारींचेही वजन वाहून न्यावे लागते. १९५८ साली ब्रिटिश रेल्वेत दाखल झालेल्या इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या २,००० अश्वशक्तीच्या लोकोमोटिव्हचे वजन १३३ टन होते, आणि ते पेलण्यासाठी त्याला आठ आस द्यावे लागले होते. याच कंपनीने प्रेस्टनच्या कारखान्यात तयार करून १९५५ साली रुळांवर आणलेला डेल्टिकचा नमुना मात्र सहा आसांवर ३,३०० अश्वशक्ती देत असे, आणि त्याचे वजन होते सुमारे १०६ टन. एका टनामागे एकीकडे १५ अश्वशक्ती, तर दुसरीकडे ३१.

हा फरक शक्य झाला तो आरमारासाठी बनवलेल्या इंजिनामुळे. वेगवान लढाऊ नौकांकरिता हलके डिझेल इंजिन हवे, ही ब्रिटिश नौदलाची गरज होती आणि इंग्लिश इलेक्ट्रिकच्याच मालकीच्या नेपियर कंपनीने ती पूर्ण केली. या इंजिनात सिलिंडरला डोके नाही, झडपाही नाहीत. प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन दट्टे (पिस्टन) धावतात आणि हवा घेण्याची व धूर सोडण्याची छिद्रे तेच उघडतात व झाकतात. अशा सिलिंडरांच्या तीन रांगा त्रिकोणात मांडून प्रत्येक कोपऱ्यावर एक क्रँकशाफ्ट (दट्ट्यांच्या ये-जा हालचालीचे फिरतीत रूपांतर करणारा दांडा) दिला, म्हणजे शेजारच्या दोन रांगांना तो सामाईक ठरतो: १८ सिलिंडर, ३६ दट्टे, तीनच क्रँकशाफ्ट. उलटा धरलेला हा त्रिकोण ग्रीक 'डेल्टा' अक्षरासारखा, म्हणून नाव डेल्टिक. मात्र तिन्ही क्रँकशाफ्ट एकाच दिशेने फिरले, तर दट्ट्यांच्या हालचालींचा मेळ बसत नव्हता. नौदलाच्या प्रयोगशाळेतील हर्बर्ट पेनवॉर्डन यांनी एक क्रँकशाफ्ट उलट्या दिशेने फिरवण्याची सूचना केली आणि कोडे सुटले. एवढी साधी कल्पना एवढ्या गुंतागुंतीच्या यंत्राचे कुलूप उघडते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

रेल्वेसाठी हे इंजिन मुद्दाम मवाळ केले गेले. नौकेवर त्याच्याकडून जेवढे काम घेत, त्याहून बरेच कमी, म्हणजे मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर १,६५० अश्वशक्ती, एवढेच रेल्वेत घेतले जाई. अशी दोन इंजिने बसवून त्यांची जनित्रे एकसर, म्हणजे एकापुढे दुसरे अशी, जोडली होती. त्यामुळे एक इंजिन बंद पडले, तरी विद्युतदाब निम्मा होई, पण विद्युतप्रवाह तेवढाच राहू शके. म्हणजे वेग घटे, पण ओढण्याचे बळ कायम राही आणि गाडी वाटेत अडकून पडत नसे. प्रायोगिक यंत्राला प्रवासी गाड्या ओढायला लावायच्या, तर अशी तजवीज मला अत्यावश्यक वाटते.

चाचण्या प्रथम लंडन–लिव्हरपूल मार्गावर झाल्या. १९५६ मध्ये सेटल–कार्लाइलच्या चढावर मापनयंत्रांच्या डब्यासह कस पाहिला गेला. ब्रिटिश रेल्वेच्या लंडन मिडलँड विभागाचे लक्ष मात्र विद्युतीकरणाकडे लागले होते, त्यामुळे त्याला या लोकोमोटिव्हमध्ये फारसा रस नव्हता. पूर्व विभागातील अधिकारी जेरार्ड फाइन्स यांना वाफेच्या लोकोमोटिव्हच्या जागी तातडीने काहीतरी वेगवान हवे होते. त्यांनी आग्रह धरला आणि २२ लोकोमोटिव्हची मागणी नोंदवली गेली. ताशी १०० मैल धावणारी ही लोकोमोटिव्ह १९६१-६२ मध्ये आली आणि त्यांनी वाफेच्या ५५ लोकोमोटिव्हची जागा घेतली.

आता टिकवण्याविषयी. इतके दट्टे आणि इतके दंतचक्रांचे जाळे असलेले इंजिन शेडमध्ये जागच्या जागी खोलून दुरुस्त करणे व्यवहार्य नव्हते. म्हणून बिघडलेले इंजिन उचलून बाहेर काढायचे, तयार असलेले दुसरे बसवायचे आणि काढलेले निवांत दुरुस्त करायचे, अशी पद्धत बसवली गेली. देखभालीचा करारही निर्मात्या कंपनीशीच केला गेला. माझ्या दृष्टीने या प्रयोगाची सर्वांत मोलाची निष्पत्ती इंजिन नव्हे, तर ही पद्धत आहे, कारण तिच्याशिवाय अवघ्या २२ लोकोमोटिव्हवर एवढा भार टाकता आला नसता. मूळ नमुना मात्र मोठ्या बिघाडानंतर मार्च १९६१ मध्ये थांबला, आणि १९६३ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमला देण्यात आला.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच कंपनीच्या पुढच्या नमुन्यात आहे. १९६२ साली डेल्टिकच्याच सांगाड्यात १६ सिलिंडरांचे, संथ फिरणारे, जुन्या धाटणीचे एकच इंजिन बसवून 'डीपी-२' हे लोकोमोटिव्ह तयार करण्यात आले. सिलिंडरमध्ये कोंबायची हवा आधी थंड करण्याची सोय केल्यामुळे त्या इंजिनातून आता २,७०० अश्वशक्ती मिळू लागली होती, आणि वजन साधारण १०५ टनच राहिले. हलक्या इंजिनाची आघाडी अशा रीतीने काही वर्षांतच आकसली; थोडी कमी शक्ती पत्करून सांभाळायला कितीतरी सोपे असे इंजिन मिळत असेल, तर रेल्वेने तेच निवडणे स्वाभाविक होते. जुलै १९६७ मध्ये थर्स्कजवळच्या टकरीत डीपी-२ची न भरून येणारी हानी झाली; पण तोवर त्याच्या अनुभवावर बेतलेल्या ५० लोकोमोटिव्हची मागणी कारखान्याकडे गेलेली होती.